कॉर्न हॉलचं बंद दार

मला एक सांगा, म्युझियम लोकांनी बघावं म्हणून असतं, की बघू नये म्हणून?

हसू नका. खरंच विचारतेय. आमच्या छोट्याशा गावातल्या हेरिटेज सोसायटीत मी व्हॉलंटियर झाले, तेव्हापासून मला हा प्रश्न पडलाय आणि अजून उत्तर सापडलेलं नाही. आपल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला डबा घेऊन आले की तुम्ही सगळ्या विचारता, "काय गं नीलिमा, तुझ्या म्युझियमचं नवीन काय?" आता काय सांगू! किस्से मी गोळा करत नाही. आमच्या गावात कुणाची म्हातारी आई वारली, की दुसऱ्या आठवड्यात तिचं लोणी घुसळायचं पिंप आमच्या दारात येतं. कुणी मागितलेलं नसतं, ठेवायला जागा नसते, पण येतं. किस्स्यांचंही तसंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्यांचं ऑफिस ब्रॅकनेलला, लंडनच्या पश्चिमेला. क्रॉयडनला ट्रामच्या खडखडाटात इतकी वर्षं काढल्यावर हे म्हणाले, जरा शांत ठिकाणी राहू. म्हणून या गावात आलो. गाव राणी व्हिक्टोरियाच्या काळात वाढलेलं, सगळं शेतीवर चालणारं. मधोमध कॉर्न हॉल आहे. शेतकरी तिथे धान्याचा नमुना घेऊन यायचे, व्यापारी तळहातावर दाणे घेऊन बघायचे आणि भाव ठरायचा. दाण्याचा रंग नीट दिसावा म्हणून छपराला काच. इतकी सुंदर इमारत आहे, की मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा देवळात गेल्यासारखे हात जोडले गेले.

आता हॉल कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा आहे आणि सोसायटीने तो म्युझियमसाठी घेतलाय. चेअरमन जेफ्री, रिटायर्ड बँक मॅनेजर. किल्ल्या मॉरीनकडे. ती माझ्याहून मोठी, पण आमचं अगं-तुगं चालतं. आणि केनकाका. काका मी मनात म्हणते, तोंडावर नुसतं केन. या गावातले शेवटचे शेतकरी. गुडघे गेले, मुलं दूर गेली, जमीन विकली, तिथे आता घरं झालीत. तेव्हापासून केनकाका रोज हॉलमध्ये येऊन मोठ्या तराजूजवळच्या खुर्चीवर बसतात. त्या तराजूवर त्यांच्या आजोबांची बार्ली तोलली गेलेली आहे.

मागच्या वर्षी कौन्सिलची हॅना आली. तरुण पोरगी, गोड बोलणारी. म्हणाली, "हॉल कायम कुलुपातच दिसतो. गावातली माणसं वापरत असतील तर तो तुमच्याकडे राहील. नाहीतर इथे फ्लॅट्स होतील."

जेफ्री म्हणाले, "दुर्दैवी." मॉरीन म्हणाली, "अशक्य." केनकाकांनी तराजूकडे बघितलं. मग म्हणाले, "मग मी कुठे बसू? सुपरमार्केटच्या कॅफेत?"

त्या दिवसापासून माझा एकच ध्यास, लोकांना हॉलमध्ये आणायचं. आणि आमच्या सोसायटीचा एकच ध्यास... जाऊ दे. ऐका.

*

तेव्हा सोसायटीत माझा पहिलाच महिना होता. कोपऱ्यात लाकडाचं एक मोठं धूड होतं. हँडल फिरवलं की आत पंखा फिरतो आणि धान्यातला भुसा उडून जातो. उफणणीचं यंत्र. जेफ्री मला तिथे घेऊन गेले आणि मायेने म्हणाले, "हे तुझ्या ओळखीचं असेल ना? इंडियात घरोघरी असेल."

अहो, मी डोंबिवलीची! आमच्याकडे गॅलरीत तुळस होती आणि खाली वाणी होता. धान्य निवडायचं म्हणजे ताटात तांदूळ घेऊन टीव्हीसमोर बसायचं. पण त्यांचा चेहरा इतका आशेने भरलेला, की मला नाही म्हणवेना. घ्या! पुढच्या शनिवारी बोर्डवर लिहिलेलं: "नीलिमा यंत्र चालवून दाखवेल."

मला बॉनेट घातलं, ती जुन्या काळातली फितीची टोपी, वर एप्रन बांधला. दहा-बारा माणसं गोळा झाली. मी हँडल फिरवलं. भुसा मागे जायच्या ऐवजी पुढे आला, तोही थेट पहिल्या रांगेत बसलेल्या मॉरीनच्या बहिणीच्या केसांत. मी घाईघाईने दुसऱ्या बाजूने फिरवलं. धान्यही उडालं!

केनकाका खुर्चीतून उठून हळूच माझ्याजवळ आले. मला वाटलं, वाचले, आता हे नीट दाखवतील. ते कानात म्हणाले, "गंभीर चेहरा ठेव आणि फिरवत राहा. मलाही येत नाही. आमच्याकडे ट्रॅक्टर होता."

*

मग मी म्हटलं, जे येतं ते करू. लोणी. पिंपांनी अर्धी खोली भरलेली होतीच. एक स्वच्छ घासून घेतलं, उकळतं पाणी घालून धुतलं, दुकानातून चांगली दाट साय आणली. शनिवारी घुसळायला बसले. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळी भोवती. प्रत्येकाने थोडं थोडं घुसळलं. आणि काय सांगू तुम्हाला, लोण्याचा गोळा असा वर आला! पिवळसर, मऊ. मला तर आईची आठवण आली. मी मीठ घातलं, मॉरीनने स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, कापले.

तेवढ्यात जेफ्री आले. "थांबा! हे खायचं नाही."

"का?"

"हे प्रदर्शन आहे. अन्न नाही. प्रदर्शनातली वस्तू खाता येत नाही."

"जेफ्री, ती साय मी सकाळी दुकानातून आणलीय."

"साय अन्न होती. पिंपात गेल्यावर ती प्रदर्शन झाली."

डोक्याला हात लावला मी. सगळ्या माणसांसमोर तो गोळा कचऱ्याच्या डब्यात गेला आणि स्कोनवर लावायला सुपरमार्केटचं बटर आलं, चांदीच्या कागदातलं. एक लहान मुलगी रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण बॉनेट घातलेलं होतं.

मागे वळून बघते तर केनकाका पिंपाच्या कडेवरून बोट फिरवून चाटत होते. जेफ्रींनी बघितलं तसे म्हणाले, "काही नाही. प्रदर्शनाची पाहणी करतोय."

*

शाळेची ट्रिप. ही मी स्वतः जमवली होती. हेडटीचरला तीन वेळा भेटून, विनवण्या करून. कारण शाळा येतेय म्हटल्यावर कौन्सिलला सांगायला किती बरं!

त्या दिवशी पाऊस. पोरं चिखलाच्या बुटांनी दारात उभी. आत व्हिक्टोरियन टाइल्स, निळ्या-तांबड्या, मॉरीनला जिवापेक्षा प्याऱ्या. ती दारात आडवी उभी राहिली.

"बूट काढा."

पोरांनी काढले. मला तर त्यात काही विशेष वाटलं नाही, आपल्याकडे काढतातच. पण मॉरीनने मोजे बघितले. मोजेही ओले.

"मोजे काढा."

आता टीचर म्हणाली, अनवाणी चालवायला आईवडलांची परवानगी नाही. झालं! शेवटी पोरं दाराबाहेर उभी राहिली आणि मी आतून एकेक वस्तू उचलून त्यांना लांबून दाखवली. दाखवली म्हणजे काय, "पुट इट बॅक, पुट इट बॅक" असं मॉरीन मागून म्हणतच होती.

एका चुणचुणीत पोराने विचारलं, "मिस, आम्ही कशाला हात लावू शकतो?"

मॉरीनने मनापासून विचार केला. ती वाईट नाही हो, पोरांवर तिचा जीव आहे. इकडेतिकडे बघून ती म्हणाली, "त्या भिंतीला."

पोरं दाराशेजारच्या भिंतीकडे धावली.

"ती नाही! ती जुनी आहे. मागच्या नव्या टॉयलेटची!"

*

मग दाराचा रंग. दार हिरवं हवं यावर कमिटीचं एकमत होतं. कुठलं हिरवं, यावर नव्हतं. जेफ्री रंगांची कार्डं घेऊन यायचे आणि मीटिंग सुरू व्हायची. बाटलीसारखं हिरवं, शेवाळासारखं हिरवं, पालकासारखं हिरवं. एक जण म्हणे मूळ रंग असाच होता, दुसरा म्हणे तसाच होता. मग दार खरवडून बघितलं. हिरव्याखाली तपकिरी निघाला, तपकिरीखाली निळा. निळा निघाल्यावर दोन मेंबरांनी एकमेकांशी बोलणं सोडलं.

तोवर दाराचे पापुद्रे निघून ते भिकार दिसायला लागलं होतं. येणारी-जाणारी माणसं समजायची, हॉल कायमचा बंद झाला. मी हात जोडून म्हटलं, "कुठलाही हिरवा द्या, पण द्या." केनकाका म्हणाले, "गायींना विचारा. हिरव्यातलं त्यांना जास्त कळतं."

शेवटी एकदाचा रंग ठरला. पेंटर आला, त्याने छान जाड हात मारले आणि दार नीट बंद करून गेला. शनिवारी सकाळी आम्ही आलो. दार उघडेना! रंग फटीत वाळून पक्का बसलेला. मी ढकललं, मॉरीनने ढकललं, रस्त्यावरच्या पोस्टमनने ढकललं. हलेचना. शेवटी आलेल्या लोकांना मागून, किचनमधून, टॉयलेटच्या बोळातून आत घ्यावं लागलं.

आणि जेफ्री? ते रस्त्याच्या पलीकडे उभे, हात मागे बांधून, डोळ्यांत पाणी.

"जेफ्री, दार उघडत नाहीये!"

"हो," ते म्हणाले, "पण रंग बघ!"

*

आमची ईशा इथेच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे. एक दिवस फोन बघत म्हणाली, "आई, तुझी म्युझियमला रिव्ह्यू आला. कोणीतरी लांबचा माणूस लिहिलाय."

मी आनंदाने धावले. परदेशातला कुणी प्रवासी होता. त्याने लिहिलेलं, "इमारत अतिशय सुंदर. निदान किल्लीच्या भोकातून जेवढी दिसली तेवढी तरी."

मला इतकी लाज वाटली! तो माणूस कुठून कुठून आला, दाराशी वाकला, डोळा लावून बघितलं आणि गेला. हे हॅनाने वाचलं तर? मी ते छापून मीटिंगला घेऊन गेले. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

सगळ्यांनी तो कागद हातोहात बघितला. मग जेफ्रींचा चेहरा उजळला.

"बघा," ते म्हणाले, "लोकांच्या लक्षात येतं. ते कुलूप ओरिजिनल आहे."

*

दिवाळीला मात्र मी ऐकलं नाही. म्हटलं, आपलं मंडळ इथे आणायचं, गावालाही बोलवायचं, फराळ करायचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणी आला होतात, त्यामुळे पुढचं माहीत आहे. पण त्याआधी कमिटीत काय झालं ते माहीत नाही.

जेफ्रींनी घसा साफ करून विचारलं, "हे काळाला धरून होईल का? व्हिक्टोरियाच्या काळात या हॉलमध्ये दिवाळी होत नव्हती."

मी काही बोलायच्या आत केनकाका म्हणाले, "सेंट्रल हीटिंगही नव्हतं. ते बंद करू?"

ठराव लगेच पास झाला.

पणत्या पेटवायला परवानगी नाही, म्हणून बॅटरीचे दिवे लावले. मॉरीनने टाइल्सवर चादरी अंथरल्या आणि चादरींवर "पाय ठेवू नये" अशी चिठ्ठी ठेवली. तरी पोरं नाचलीच. काचेच्या छपराखाली आपली गाणी घुमली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गावातली किती माणसं आली! न्हावी आला, चिप शॉपवाला आला, दोघी-तिघी आज्या चकलीची रेसिपी लिहून घेऊन गेल्या. केनकाकांनी बेसनाचा लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटून विचारलं, "हे कुठलं धान्य?" मी म्हटलं, "हरभरा." ते म्हणाले, "मी आयुष्यभर चुकीचं पीक घेतलं."

सगळे गेल्यावर मॉरीन आणि मी चादरींच्या घड्या करत होतो. ती म्हणाली, "किती छान वाटलं नाही?"

मी म्हटलं, "हो ना गं! हॉल भरला की कसा जिवंत वाटतो."

"खरंच," मॉरीन म्हणाली. "दहा-बारा वर्षांतून एकदा असं करायला हवं."

*

आणि आता हा गेल्याच आठवड्यातला.

हॅनाने जेफ्रींना कळवलं होतं, की या आठवड्यात कधीतरी, कुठलीही वेळ न सांगता, साध्या माणसासारखी येऊन बघणार आणि मग हॉलचं काय ते ठरवणार. सोमवारपासून मी तिथेच ठाण मांडून होते. सोमवारी कुणी नाही. मंगळवारी कुणी नाही.

बुधवारी दुपारी एकला मॉरीनने दाराला आतून कुलूप घातलं.

मी म्हटलं, "हे काय?"

"बुधवार."

तुम्हाला सांगायला हवं. पूर्वी इथल्या गावांमध्ये आठवड्यातल्या एका दुपारी सगळी दुकानं बंद असायची. शनिवारी दिवसभर राबलेल्या नोकरांना जरा विसावा. आता गावात कुणी ते पाळत नाही. न्हावी उघडा, चिप शॉप उघडं, बँक बंद ती कायमचीच. एकटा आमचा हॉल बुधवारी अर्धा दिवस पाळतो.

"मॉरीन, फक्त हा बुधवार सोड. हॅना आली तर?"

"नीलिमा, आपण इथे कशाला आहोत? जुन्या प्रथा जपायला. कौन्सिल येणार म्हणून प्रथा मोडली, तर मग जपलं काय?"

किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात. आम्ही दोघी आत प्रदर्शनातल्या जुन्या दारांच्या पितळी मुठी पुसत बसलो. दोन वाजता दारावर टकटक.

मी उठले. मॉरीनने मला हातानेच खाली बसवलं आणि दाराशी जाऊन गोड आवाजात म्हणाली, "वी आर क्लोज्ड, डिअर. बुधवार आहे."

बाहेरून आवाज आला, "मी हॅना. कौन्सिलमधून."

माझ्या हातातली मूठ खाली पडली.

मॉरीन म्हणाली, "कौन्सिललाही बुधवारच असतो, डिअर."

मी खिडकीकडे धावले. हॅना पायरीवर उभी, कागद छातीशी धरून. आणि दाराशेजारच्या बाकावर केनकाका! टोपी, काठी, सगळं. त्यांनी जरा सरकून तिला जागा दिली. ती बसली. वर-खाली सरकणारी ती खिडकी थोडी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"हे नेहमी बंदच असतं का?" तिने विचारलं.

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं.

"नाही," केनकाका म्हणाले. "फक्त आपल्याला आत जायचं असतं तेव्हा."

"मग तुम्ही इथे का बसलाय?"

"उद्या उघडेल ना."

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात न्हावी आला, दार हलवलं, "अरे हो, बुधवार!" म्हणाला आणि परत जायच्या ऐवजी केनकाकांशी गप्पा मारत उभा राहिला. मग बाबागाडी घेऊन एक आई आली, तिनेही दार हलवलं, "बुधवार! श्शी!" म्हणाली आणि बाकाच्या टोकाला टेकली. दिवाळीच्या चकलीवाल्या आज्या आल्या. शाळा सुटल्यावर पोरं आली, त्यांनी सवयीने बूट काढले आणि मग कळलं, बंद आहे! जो येई तो दार हलवी, मॉरीनला मनसोक्त नावं ठेवी आणि तिथेच थांबे. पायऱ्या भरल्या. हॅना एकेकाशी बोलत होती. तुम्ही कशाला आलात? नेहमी येता का?

मी मॉरीनचा हात धरला. "मॉरीन, तुझ्या पाया पडते, दार उघड."

तिने बाहेर बघितलं. चेहरा जरा मऊ झाला. ती किचनमध्ये गेली, मोठी किटली चढवली, ट्रेमध्ये कप मांडले. आणि खिडकी पूर्ण वर करून ट्रे बाहेर दिला!

"अगं, दार?"

"दार बुधवारी बंद," मॉरीन म्हणाली. "खिडकीचं काही ठरलेलं नाही."

हॅनाने बाकावर बसून चहा घेतला, स्कोन खाल्ला, केनकाकांचं बार्लीबद्दलचं पुराण ऐकलं. निघताना रिकामा कप खिडकीतून परत देत मला म्हणाली, "बंद दारासाठी इतकी माणसं थांबलेली मी कुठे पाहिली नाहीत. हॉल तुमच्याकडेच राहील, मी तसंच सांगणार आहे."

केनकाकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"फक्त एकच अट," हॅना म्हणाली. "बुधवारी दिवसभर उघडा ठेवा."

आम्ही सगळ्यांनी मॉरीनकडे बघितलं. मॉरीनने कप पुसला, परत पुसला, उजेडात धरून बघितला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मी तिला मिठी मारली. बाहेर टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरीनने दारावरची पाटी काढून तिथे नवीन लावली: "बुधवारी दिवसभर उघडा. गुरुवारी अर्धा दिवस बंद."